दर्शनी भिंतीत खंगर

आबा इंग्लंडात आले आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर माझ्या घरमालकाच्या भिंतीला नख लावलं. हीथ्रोवरून नुकतेच पोचलो होतो. बॅगा गाडीतच होत्या, मे महिना असून वारा बोचत होता, आणि कानाला मफलर बांधलेले आबा दाराशेजारच्या एका विटेवर अंगठ्याचं नख घासत उभे. नख उमटलं नाही. मग त्यांनी खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं, विटेवर टकटक केलं, कान जवळ नेला. "भाजलीया बरी," म्हणाले, आणि मगच उंबरा ओलांडून आत आले.

कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला आमची वीटभट्टी होती. आबांनी ती ३६ वर्षं चालवली. दिवाळी झाली की गाळ आणायचा, राख मिसळून चिखल तुडवायचा, साच्यात विटा थापायच्या, उन्हात वाळवायच्या आणि आवा रचून पेटवायचा. उन्हाळाभर आमच्या अंगणात, भांड्यांवर, कपड्यांच्या घड्यांत एक तांबूस धूळ असायची. मी शिकून बाहेर पडले त्यात त्या धुळीचा थोडा हात आहेच. रेडिंगमध्ये नोकरी लागली, शहरातली भाडी परवडेनात, म्हणून दहाएक मैलांवरच्या नेटलबेड नावाच्या गावात एक जुनं, बुटकं घर भाड्यानं घेतलं. विटांचं. शेकडो वर्षं विटाच भाजणाऱ्या गावात येऊन पडले होते, आणि दोन वर्षं राहूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

मला ते घर नुसतं गोड वाटायचं. फोटो टाकले की मैत्रिणी बदामांची रांग लावायच्या. भिंतीकडं बघायचं असतं हे आबा येईपर्यंत ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ते रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. ऊन कोवळं होतं, समोरून भिंतीवर पडलं होतं. बराच वेळ त्यांनी कप तोंडाला लावला नाही. मग मला हाक मारली.

"आगं, ह्यांनी दर्शनी भिंतीत खंगर लावलीया."

खंगर म्हणजे काय ते भट्टीवाल्याच्या पोरीला सांगायला नको. आव्यात आगीच्या अगदी तोंडाशी ज्या विटा बसतात त्या जास्त भाजतात. काळ्यानिळ्या पडतात, कधी वितळून एकमेकींना चिकटतात, वर काचेसारखी चकाकी येते. आमच्याकडं ती नापास वीट. आवा उतरवताना आबा खंगर बाजूला काढायचे, ढीग करायचे, आणि कुणाला पाया भरायला नाहीतर रस्त्यात घालायला हवी असली की पडत्या भावात द्यायचे. घराच्या भिंतीत खंगर लावली तर मालक गवंड्याच्या अंगावर धावून जाईल.

आणि इथं घराच्या तोंडावर, दरवाजाच्या दोन्ही अंगांना, अगदी शिस्तीत, एक लाल वीट, एक खंगर, एक लाल, एक खंगर. वरच्या थरात तेच, पण अर्धी वीट सरकवून. सगळी भिंत चौकटीच्या लुगड्यासारखी दिसत होती. दोन वर्षं मी ह्याच भिंतीच्या आत झोपत होते आणि तो निळसर राखाडी रंग मला शेवाळाचा वाटत होता.

वीट तोंडाशीच, म्हणजे आखूड बाजूलाच का जळते, लांब बाजूवर का नाही, हे आबांनी तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. भट्टीत विटा रचताना आगीला जायला बोळ ठेवतात. बोळाकडं विटेचं तोंड असतं, अंग आत दडलेलं असतं. म्हणून तोंड जळतं आणि अंग लाल राहतं. मी नंतर वाचलं त्यात भर पडली ती एवढीच, की इथं जळण लाकडाचं होतं, आणि लाकडाच्या राखेतला क्षार उडून तापलेल्या विटेच्या तोंडावर बसला की मातीतल्या वाळूशी मिळून त्याची काच होते. आमच्याकडं उसाची चिपाडं आणि दगडी कोळशाची भुकटी, त्यामुळं आमची खंगर काळीठिक्कर. इथली निळी, चंदेरी. उन्हात चमकते.

पण जळकं तोंड दर्शनी यायचं तर भिंत तशी रचावी लागते. वीट लांबीनं लावली तर इथले गवंडी तिला स्ट्रेचर म्हणतात, तोंड बाहेर ठेवून आत खुपसली तर हेडर. एक थर सगळा लांब विटांचा आणि त्यावर एक थर सगळा तोंडांचा, ही इथली जुनी रीत, तिला इंग्लिश बाँड म्हणतात. आणि प्रत्येक थरातच एक लांब, एक तोंड, एक लांब, एक तोंड, हा फ्लेमिश बाँड. हा दुसरा प्रकार १७व्या शतकात इंग्लंडात दिसू लागला. लंडनजवळ क्यू इथं एका व्यापाऱ्यानं १६३१ मध्ये बांधलेलं आणि पुढं राजाकडं गेलेलं घर त्याच्या सुरुवातीच्या नमुन्यांत मोजतात. १८व्या शतकात ज्याला त्याला हाच हवा झाला. ह्या रचनेत निम्म्या विटांची तोंडं रस्त्याकडं येतात. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं असणार, की ही जळकी तोंडं टाकून द्यायच्या ऐवजी एक आड एक लावली तर? पुढं ती इतकी चालली, की चंदेरी-राखाडी विटा मुद्दाम भाजू लागले. रेडिंगमधल्या गल्लोगल्लीच्या व्हिक्टोरियन घरांवर ती हौस अजून दिसते.

आबांना हे फार लागलं. चार दिवस त्यांच्या डोक्यातून जाईना. जेवताना मधेच म्हणायचे, "किती गाड्या खंगर मी रस्त्यात घातली असंल!"

मग गावाची छाननी सुरू झाली. मी कामाला गेले की आबा काठी घेऊन फिरत, आणि संध्याकाळी मला अहवाल मिळे. भाषा येत नसलेल्या माणसानं भिंती वाचून गावाची माहिती आणली ती मी दोन वर्षांत शेजाऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारून आणली नव्हती. तिसऱ्या का चौथ्या दिवशी ते मला ओढतच घेऊन गेले. नव्या घरांच्या वस्तीच्या मधोमध, हिरवळीवर, बाटलीच्या आकाराचा एक विटांचा बुरूज उभा आहे. खाली रुंद, वर निमुळता. मी तो रोज बसमधून पाहिला होता. पाण्याची जुनी टाकीबिकी असेल असं धरून चालले होते.

"भट्टी हाय ती," आबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा वेगळाच लागला.

भट्टीच होती. दोनतीनशे वर्षांपूर्वीची. विसाव्या शतकात विटा भाजायचं थांबल्यावर तिच्यात काही वर्षं चुनखडी भाजत होते, १९३८ च्या सुमारास ती कायमची विझली, आणि १९७०च्या दशकात तिची डागडुजी करून ती जपली. आता तिच्याभोवती लोक गाड्या पार्क करतात. आबांनी तिच्या भोवती प्रदक्षिणा घातली. मला तरी ती प्रदक्षिणाच वाटली.

भट्टी इथंच का, त्याचं उत्तर जमिनीत आहे. चिल्टर्न नावाच्या ह्या टेकड्या आतून सगळ्या खडूच्या, पांढऱ्या मऊ चुनखडीच्या. पाऊस पडला की पाणी सरळ खाली झिरपतं. पण नेटलबेडच्या माथ्यावर चिकणमातीची एक टोपी राहून गेली आहे. म्हणून इथं पाण्याची डबकी टिकली आणि म्हणून इथं माती मिळाली. गावामागच्या रानात सगळीकडं खड्डे आहेत. बीचची झाडं उगवून ते आता निसर्गरम्य वगैरे दिसतात, लोक कुत्री फिरवायला नेतात. पण ते माती काढल्याचे खड्डे आहेत. आमच्या भट्टीशेजारी होते तसेच, फक्त आमच्या खड्ड्यांत पावसाळ्यात म्हशी बसायच्या.

ह्या खड्ड्यांचे हिशेब शिल्लक आहेत. १३६५ मध्ये वॉलिंगफर्डच्या किल्ल्यासाठी नेटलबेडहून ३५,००० कौलं घेतल्याची नोंद आहे. आणि १४१६-१७ ची एक नोंद तर आबांना मी तीनदा वाचून दाखवली. इथून दोनतीन मैलांवर स्टोनर नावाच्या घराण्याची गढी आहे, अजून त्याच घराण्याकडं. तिच्या बांधकामाला नेटलबेडच्या क्रॉकर एंड ह्या वाडीतून २,००,००० विटा घेतल्या. विटांचे ४० पौंड, आणि गाडीभाडं १५ पौंड.

"दोन-तीन मैलाला पंधरा?" आबा उठून बसले. "चाळीसच्या मालाला पंधरा गाडीभाडं! वाहतूकच खाती बघ धंद्याला. साहेबाच्या देशात बी त्येच."

त्या पंधरा पौंडांत इंग्लंडच्या गावांचा सगळा रंग आहे, असं मला तेव्हापासून वाटतं. वीट जड, रस्ते चिखलाचे, म्हणून प्रत्येक गाव आपल्याच पायाखालची माती भाजून घर बांधणार. इथली माती लोखंड धरून असलेली, म्हणून इथली घरं तांबडी. केंब्रिजकडं गेलं की मातीत चुना जास्त, तिथल्या विटा पिवळट, फिक्या. कालवे आणि आगगाडी आल्यावर हे मोडलं, मग कुठलीही वीट कुठंही जाऊ लागली. त्याआधीच्या गावात मात्र भिंतीचा रंग म्हणजे त्या गावचा सातबारा.

स्टोनरच्या बांधकामाच्या संदर्भात फ्लेमिश कारागिरांचा उल्लेख येतो, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूचे लोक. रोमन लोक गेल्यावर इंग्लंडात वीट भाजायची कलाच जवळजवळ बुडाली होती. शेकडो वर्षं लोक पडक्या रोमन इमारतींच्या विटा उपसून वापरत होते. सेंट ऑल्बन्सचं मोठं चर्च तसंच उभं राहिलं. मग पलीकडच्या किनाऱ्यावरून ही विद्या हळूहळू परत आली. परदेशी कारागीर हे ऐकून आबांना काहीच नवल वाटलं नाही. "भट्टीवर गावचं माणूस कधी टिकतंय व्हय? आपल्यात तरी कुठं टिकलं?" आमच्या आव्यावरची जोडपी दर वर्षी लांबून यायची, पालं ठोकायची, आणि पावसाआधी जायची. त्यांची नावं कुठल्या हिशेबाच्या वहीत असतील तर ती उचलीच्या रकमेपुढं.

आता घराबद्दल. माझं घर समोरून बघितलं तर १८व्या शतकातलं, नीटनेटकं. दरवाजा मधे, दोन्हीकडं एकेक खिडकी, वर दोन. खिडक्यांवरच्या कमानी मऊ, केशरी-लाल विटांच्या, त्या विटा घासून घासून अशा बसवल्या आहेत की सांध्यात सुरीचं पातं जाणार नाही. पण आबा बाजूच्या बोळात शिरले, तिथून परसात गेले, आणि हसत बाहेर आले.

"आगं, हे तर कुडाचं घर हाय!"

खरंच होतं. पुढची भिंत म्हणजे एक पडदा. तिच्यामागं तिच्याहूनही शंभर-दीडशे वर्षं जुना लाकडी सांगाडा आहे, ओकच्या तुळ्या आणि खांब. मूळ घरात त्या खांबांच्या मधे कामट्या विणून त्यावर माती-शेणाचा गिलावा होता. इंग्लिशमध्ये त्याला मोठं नाव आहे, पण आपल्याकडं कोकणापासून घाटापर्यंत ज्याला कूड म्हणतात तेच ते. पुढं कूड झिजला तिथं चौकटींत विटा भरल्या. आणि त्याहून पुढं, मालकाच्या हातात चार पैसे खेळू लागल्यावर, हेन्ली-ऑक्सफर्ड रस्त्यावरून घोडागाड्या जाऊ लागल्यावर, त्यानं रस्त्याच्या बाजूला तेवढी फॅशनची वीट चढवली. गावातली निम्मी घरं अशी आहेत. समोरून जॉर्जियन साहेब, मागून शेतकरी. आपण 'बडा घर पोकळ वासा' म्हणतो. इथं उलटं. दर्शनी डौल नऊ इंचांचा, आणि वासा मात्र असा भक्कम, की त्यात खिळा ठोकायला गेले तर खिळाच वाकला.

नऊ इंची हा शब्दही गमतीचा आहे. आमच्या गावच्या कुठल्याही गवंड्याला विचारा, भिंत नऊ इंची का चार इंची, एवढंच तो विचारतो. १५७१ मध्ये लंडनच्या वीट-कौल कारागिरांच्या संघाला मिळालेल्या सनदेत विटेची लांबी नऊ इंचच ठरवली होती. रुंदी सव्वाचार, जाडी सव्वादोन. एका हाताच्या पकडीत मावेल अशी. साहेबाचं मापच बांधकाम खात्यातून आमच्या साच्यापर्यंत आलं. तो साचा आबांनी अजून माळ्यावर ठेवला आहे.

जाडी मात्र इथं सारखी बदलते. माझ्याच घराच्या पाठीमागच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या विटा पुढच्यांपेक्षा चांगल्या जाड आहेत. मी आबांना म्हटलं, "१७८४ मध्ये सरकारनं विटांवर कर बसवला. अमेरिकेतल्या लढाईचं कर्ज झालं होतं. हजार विटांना अडीच शिलिंग."

"हजारावर? नगावर?"

"हो."

"मग विटा मोठ्या केल्या असतील की लोकांनी!"

अगदी हेच झालं होतं. मला हे पुस्तकातून कळायला एक संध्याकाळ गेली, आणि तहसीलला मातीची रॉयल्टी भरत आलेल्या माणसाला ते एका श्वासात कळलं. विटा इतक्या फुगल्या, की १८०३ मध्ये सरकारनं ठरावीक मापापेक्षा मोठ्या विटेला दुप्पट कर लावला. १८५० मध्ये तो कर गेला. आबांचं म्हणणं, असला कर आमच्या तालुक्यात आला असता तर आमच्या लोकांनी एक अख्खी भिंतच 'एक वीट' म्हणून दाखवली असती.

एका रविवारी युएल्मला गेलो. नेटलबेडहून सहाएक मैल. हे गाव मला फार आवडतं, आणि फार लोकांना माहीत नाही म्हणून आणखी आवडतं. तिथं टेकाडावर चर्च, त्याला लागून वृद्धांचं आश्रयस्थान आणि त्याच्या खाली शाळा, असं एकाला एक जोडून आहे. कवी चॉसरची नात ॲलिस आणि तिचा नवरा विल्यम द ला पोल ह्यांनी १४३७ मध्ये राजाची परवानगी घेऊन तेरा गरीब म्हाताऱ्यांसाठी ही जागा बांधली. म्हाताऱ्यांनी तिथं राहायचं आणि दात्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची, असा तो सौदा. आत गेलं की चक्क चौसोपी. मधे चौक, भोवती लाकडी खांबांचा सोपा, सोप्याला लागून खोल्या. लाकडाच्या चौकटींत विटा भरल्या आहेत, काही ठिकाणी तिरक्या, गव्हाच्या ओंबीसारख्या. आबा कठड्याला टेकून म्हणाले, "वाडाच की."

ह्या भागात तेव्हा वीट ही चैनीची वस्तू होती. द ला पोल घराणं मुळात हल बंदरातलं, व्यापारी. हलला दगड नाही, माती अमाप, आणि समुद्रापलीकडच्या देशांशी येणंजाणं, म्हणून ते शहर फार आधीपासून विटांचं. नव्या पैशाबरोबर विल्यमच्या लोकांनी विटेची आवडही आणली असावी असं म्हणतात, आणि मला ते पटतं. १४४०च्या दशकात ईटनचं कॉलेज बांधायला लाखो विटा लागल्या, त्या स्लाऊमध्ये भाजल्या. आज आपण ज्या स्लाऊला कढीपत्ता आणि तुरडाळ आणायला जातो तेच स्लाऊ. राजे, सरदार, बिशप वीट मागत होते तेव्हा गरीब माणूस कुडात राहत होता. आणि आमच्याकडं उलट, माझ्या लहानपणी विटेचं 'पक्कं घर' हे गरिबाचं स्वप्न होतं आणि वाडेवाले घडीव दगड मिरवत होते. युएल्मच्या शाळेत अजून गावची मुलं शिकतात. रविवार होता म्हणून शाळा बंद होती. आबांनी फाटकातून तिच्या विटांच्या मोठ्या धुराड्याकडं बराच वेळ बघितलं.

परतताना स्टोक रोला थांबलो, कारण भारतातून कुणी आलं की तिथं नेतातच. टेकडीवरच्या त्या कोरड्या गावात काशीच्या महाराजांनी विहीर बांधून दिली आहे. खोदली १८६३-६४ मध्ये. ३६८ फूट खोल, जेमतेम चार फूट रुंद, सगळी हातानं. वर सोनेरी घुमट आणि त्याखाली हत्ती. इथल्याच एका साहेबानं हिंदुस्थानात असताना आझमगडकडं लोकांना विहीर खोदून दिली होती, आणि आपल्या गावाकडं पाण्याचे कसे हाल आहेत ते महाराजांना सांगितलं होतं. आबांनी हत्ती बघितला नाही. खाली वाकून म्हणाले, "उतरला कोण असंल आत?"

आता ती भानगड सांगायलाच हवी, कारण आबांचा निम्मा मुक्काम तिच्यातच गेला.

स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत दोन हिवाळ्यांपासून गळत होती. म्हणजे पाणी नाही, वीटच गळत होती. सकाळी दार उघडलं की फरशीवर लाल भुकटी. मी झाडून टाकायचे. मालकाला दोनदा ईमेल केला, तर उत्तर आलं की जुन्या घरांचं हे असंच असतं. आबांनी त्या भिंतीतल्या एका विटेच्या कडेला बोट घातलं आणि अलगद उचललं. विटेचं अख्खं तोंड, पाव इंच जाडीचं, हातात आलं. चांगल्या फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं. आतली वीट उघडी पडली, केशरी, दमट, नखानं खरवडता येईल इतकी मऊ.

"दर्जा कुणी भरल्या ह्या?"

दोन विटांमधल्या सांध्याला आमच्याकडं दर्ज म्हणतात. त्या दर्जा करड्या, टणक, चकचकीत होत्या. कुणीतरी जुना चुना खरवडून सिमेंट भरलं होतं. मला वाटायचं सिमेंट म्हणजे मजबुतीच. आबा असे चिडले की काठी आपटली. वीट पाणी पिते, आणि प्यालेलं पाणी तिला बाहेर टाकावं लागतं. दर्ज चुन्याची असली की पाणी दर्जेतून निघून जातं. चुना थोडा झिजतो, शंभर वर्षांनी परत भरायचा. दर्ज सिमेंटची असली की ती वाट बंद. मग पाणी विटेच्या तोंडातूनच निघायला बघतं, आणि थंडीत तिथंच गोठलं की फुगून तोंड उडवतं. बर्फाचा भाग मी सांगितला, बाकी सगळं आबांचं. "दर्जेनं मरायचं आस्तं, विटेनं न्हाई," असं म्हणून त्यांनी तो पापुद्रा खिडकीत ठेवला.

मी त्या पापुद्र्याचा फोटो काढला आणि तिसरा ईमेल लिहिला. घर संरक्षित यादीत आहे हे त्यात जरा ठळक लिहिलं. ह्या वेळी उत्तर लवकर आलं, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात चुन्याचं काम करणारा एक गवंडी आला. पन्नाशीचा, दंडावर गोंदण, कमी बोलणारा. सिमेंट काढायला त्यानं यंत्र लावलं नाही, विटेच्या कडा जातात म्हणून. छिन्नी आणि हातोडी. दिवसाला जेमतेम दीडदोन वार भिंत. आबा खुर्ची टाकून समोर बसले. मी घरून काम करत होते आणि मधेमधे दुभाषी म्हणून मला हाका येत होत्या.

"चुना किती दिवस भिजवलाय विचार."

तीन महिने, तो म्हणाला. आबांनी मान हलवली, म्हणजे पास.

"आमच्यात चुन्यात गूळ घालायचे, सांग त्याला."

गवंडी थांबला. गूळ म्हणजे काय हे समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली, शेवटी डबा आणून एक खडा दिला. त्यानं तो तोंडात टाकला, आणि म्हणाला, आमच्याकडं गिलाव्यात जनावरांचे केस घालत. आबा म्हणाले, आमच्यात तूस. त्यानंतर त्यांना माझी फारशी गरज लागली नाही. एकदा खिडकीतून पाहिलं तर गवंड्यानं जुन्या विटांच्या ढिगातल्या दोन विटा एकमेकींवर वाजवल्या होत्या, आणि आबा बोटानं 'ही घे, ती नको' करत होते. खणखणीत ती आत, बद्द वाजेल ती बाहेर.

एका बदली विटेवर मागच्या बाजूला कुत्र्याचं पाऊल उमटलेलं होतं. वाळत घातलेल्या कच्च्या विटांवरून कधीतरी एक कुत्रं गेलं असणार. आबांनी ती वीट पाऊल बाहेर येईल अशी लावायला सांगितली. गवंड्यानं मान हलवली, पाऊल आतच गेलं. ह्यावर त्यांचा थोडा वाद झाला, दोन्ही बाजूंनी आपापल्या भाषेत.

काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आबांचं विमान होतं. आषाढीच्या आत पोचायचं होतं, ते तिकीट काढतानाच त्यांनी बजावलं होतं. गवंड्यानं भिंतीवर ओलं गोणपाट टांगून ठेवलं होतं. चुना उन्हावाऱ्यात झटकन सुकला तर त्याचं पीठ होतं, त्याला सावकाश सुकू द्यावं लागतं. निघताना आबांनी त्या गोणपाटाला हात लावून बघितला. खिडकीतला विटेचा पापुद्रा त्यांनी रुमालात गुंडाळून बॅगेत टाकला. मी कस्टमवाल्यांची भीती घालून बघितली, उपयोग झाला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला. पलीकडं टाळांचा नि माणसांचा कल्लोळ, मला त्यांचा आवाजच ऐकू येईना.

"आबा, कुठं आहात?"

"दर्शनबारीत हाय. रांग लांबलीया, अजून सात-आठ तास जात्याल. तू आदी सांग, गोणपाट वलं ठिवलंस का?"

मी सकाळी विसरले होते. फोन तसाच कानाला धरून बादली घेऊन मागच्या दारी पळाले.